शिसवी पलंग आणि चार तारा

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी माझी पुतणी घरी आली, तेव्हा तिच्या हातातला पुडा मिठाईचा असावा असा आम्हा सर्वांचा समज झाला. पुडा उघडला तर आतून लाकडाच्या पाच वड्या निघाल्या. तळहाताएवढ्या, रंधून गुळगुळीत केलेल्या, आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव लिहिलेले : आल्डर, महोगनी, मेपल, तून आणि साग. चकल्यांचे ताट बाजूला सारून तिने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, “काका, तुमचा जन्म लाकडात गेला. यांतलं गाणारं लाकूड कुठलं, ते तुम्हीच सांगा.”

आमच्या घराण्यात लाकडाची वखार तीन पिढ्या चालली. ओंडक्यावर थाप मारून आतली पोकळी सांगणे, फळीचा वास घेऊन जात ओळखणे, या विद्या मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे प्रश्न अगदी योग्य माणसाला विचारला गेला आहे असे मला त्या क्षणी वाटले. पुढल्या काही महिन्यांत माझा हा भ्रम कसा फिटला, आणि त्यातून लाकडाविषयी एक नवीनच धडा या वयात कसा मिळाला, त्याचीच ही हकीकत आहे.

माझी पुतणी दिवसा कचेरीत हिशेब तपासते आणि शनिवार-रविवारी एका वाद्यवृंदात बेस गिटार वाजवते. हे वाद्य काय असते हे तरुण वाचकांना सांगायला नको. पण माझ्या वयाच्या मंडळींसाठी दोन शब्द लिहितो. साध्या गिटारीला सहा तारा, हिला बहुधा चार. त्याही जाड आणि लांब. सर्वांत खालच्या स्वराची तार मोकळी छेडली म्हणजे सेकंदाला सुमारे 41 कंपने होतात. इतका खर्ज कानापेक्षा छातीलाच आधी कळतो. राहुलदेव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ हे वाद्य वाजवीत. गाणे ऐकताना आपण ‘बेस’ ऐकतो असे कोणी म्हणत नाही. पण तो काढून घेतला तर भिंतीखालची जोतीच काढल्यासारखे होते.

तर अशी ही गिटार ती आठ वर्षे वाजवीत होती. बाजारातून तयार घेतलेले ते वाद्य भरले पावणेपाच किलोंचे. मुलगी अंगाने किरकोळ. दोन-दोन तास ते पट्ट्याने डाव्या खांद्यावर लटकवून उभे राहायचे. शेवटी खांदा दुखावला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, एक तर वजन उतरवा, नाही तर वाजवणे सोडा. दुसरा पर्याय तिला मान्य नव्हता. दोन वर्षे पैसे साठवून तिने पुण्याजवळच्या एका तरुण कारागिराकडे स्वतःच्या मापाची गिटार बांधून घ्यायचे ठरवले. पहिलाच प्रश्न निघाला, धड कोणत्या लाकडाचे? त्या पाच वड्या त्याने पाठवलेल्या होत्या.

मी प्रत्येक वडी दोन बोटांत धरली, कानाजवळ नेली आणि टिचकी मारली. मेपल खणखणीत बोलले, साग जरा घुमला, आल्डर मऊ वाटले. मी जाणत्याचा चेहरा करून म्हणालो, “यांतलं एकही नको. तुझं वाद्य शिसवीचं होईल.”

हे बोलताना माझ्या मनात काय होते ते घरातल्या सगळ्यांना कळले. आमचा जुना वाडा पाडला तेव्हा आईचा शिसवी पलंग मी सुटा करून ठेवला होता. आई शेवटची आठ वर्षे त्याच पलंगावर होती. पुतणीने लहानपणी त्याच पलंगावर आजीच्या शेजारी पडून रेडिओवरची गाणी ऐकली. नवीन घरात तो मावत नव्हता आणि विकवत नव्हता. त्याच्या फळ्या माळ्यावर चादरीत गुंडाळलेल्या होत्या. आजीच्या पलंगातून नातीचे वाद्य निघेल, याहून चांगली गोष्ट कोणती? मुलीचे डोळे भरून आले. माझेही आले. लाकडाचा प्रश्न सुटला असे समजून आम्ही चकल्या खाल्ल्या.

तराजूचा कौल

दिवाळीनंतर आम्ही दोघे कारागिराकडे गेलो. पलंगाची एक फळी नमुन्यादाखल बरोबर घेतली होती. त्याने तिच्यावरून हात फिरवला, “असं लाकूड आता बघायला मिळत नाही,” म्हणाला, आणि मग फळी सरळ वजनाच्या काट्यावर ठेवली. नंतर त्याने कागद पुढे ओढून हिशेब मांडला.

बेस गिटारीचे धड सुमारे पावणेदोन इंच जाड असते. त्याचा बाह्याकार कापून झाल्यावर लाकूड उरते ते साधारण पाच लिटर आकारमानाचे. आता एक लिटर आल्डर भरते अंदाजे 450 ग्रॅम. तून 480 च्या आसपास, महोगनी 590, साग 650, मेपल 700, आणि आपली शिसवी 830. पाचाने गुणा म्हणजे झाले. आल्डरचे धड सव्वादोन किलोंचे, सागाचे सव्वातीन, आणि शिसवीचे चार किलोंच्याही वर! त्यात मान, खुंट्या, घोडी आणि बाकीचे लोखंड मिळून दीड किलो. म्हणजे पावणेपाच किलोंच्या वाद्याने खांदा दुखावलेल्या मुलीच्या गळ्यात मी साडेपाच किलोंहून अधिक ओझे अडकवायला निघालो होतो.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “पलंग निजायला केला होता. तो खांद्यावर घ्यायचा हे कुणी सांगितलं होतं?”

कारागिराने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही वखारवाल्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. हे आकडे सरासरीचे. एकाच जातीच्या दोन झाडांत, इतकेच काय एकाच झाडाच्या बुंध्यात आणि शेंड्यात फरक पडतो. अमेरिकेतील अ‍ॅश नावाच्या लाकडाच्या दोन फळ्यांतून दोन धडे कापली तर त्यांत पाऊण किलोचे अंतर सहज पडते. म्हणून केवळ नावावर लाकूड मागवू नये. हातात फळी घ्यावी आणि काट्यावर ठेवावी.

दहांपैकी पाच

पण माझे समाधान झाले नव्हते. “वजन समजलं,” मी म्हणालो, “पण आवाजाचं काय? शिसवीचा घुमारा त्या हलक्या लाकडाला कुठून येणार?”

तो हसला. त्याच्याकडे दोन बेस गिटारी तयार होत्या. एकीचे धड महोगनीचे, दुसरीचे आल्डरचे. तारा, पिकअप आणि मान मात्र सारख्याच. मला भिंतीकडे तोंड करून बसवले. पुतणीने एकच चीज कधी हिच्यावर, कधी तिच्यावर अशी दहा वेळा वाजवली, आणि प्रत्येक वेळी मी छातीठोकपणे लाकडाचे नाव सांगितले. दहांपैकी पाच बरोबर आली. नाणे उडवले असते तरी तेवढीच आली असती. मग तिने एकाच गिटारीवर आधी मानेजवळ आणि नंतर घोडीजवळ तार छेडली. तो फरक मात्र पलीकडच्या खोलीतून बहिऱ्यालाही कळला असता.

याचे कारण समजायला अवघड नाही. तंबोऱ्यात तार छेडली की तिचे कंपन घोडीतून तबलीत आणि भोपळ्यात उतरते, आतली हवा हलते आणि आपल्याला ऐकू येतो तो त्या लाकडाचा आणि भोपळ्याचा आवाज असतो. मिरजेची गोष्ट घ्या. गेल्याच्या गेल्या शतकात तेथे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथले कारागीर सोलापूर जिल्ह्यातून येणारा भोपळा किती पारखून घेतात! ते योग्यच आहे, कारण तेथे भोपळाच गातो.

विजेच्या गिटारीत असे होत नाही. तिचे धड भरीव असते. तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळून बसवलेली असते. तिला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते, आणि ती वीज ध्वनिवर्धकात जाऊन आवाज बनते. लाकूड ऐकण्यासाठी तेथे कान ठेवलेलाच नाही. लाकडाला करता येते ते एवढेच की, तारेच्या कंपनातला थोडाफार जोर शोषून घ्यायचा किंवा न घ्यायचा. तेवढा परिणाम होतो, पण तोही धडापेक्षा लांब, सडपातळ मानेत जास्त. कित्येक बेस गिटारींवर सर्वांत वरच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याजवळ एखादा स्वर लवकर विझतो. त्या स्वराला मान स्वतःच डोलू लागते आणि तारेचा जोर खाते, हे त्याचे कारण.

पोकळ गिटारीत तरी लाकडाचे नाव ओळखू येते का, याचीही परीक्षा झालेली आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी सहा पोकळ गिटारी घेतल्या. त्यांची रचना एकच, पण पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या होत्या. 52 वादकांना अंधूक उजेडात, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्या वाजवायला दिल्या. 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. महागड्या दुर्मिळ लाकडाची आणि स्वस्त लाकडाची गिटार वादकांना भरवशाने वेगळी ओळखता आली नाही.

आणि माझी ती टिचकी? वडी बोलते ती तिच्या लांबी-रुंदी-जाडीप्रमाणे. त्याच लाकडाची वडी अर्ध्या जाडीची केली तर निराळाच स्वर देईल. चाळीस वर्षे ओंडक्यांवर थापा मारल्या, त्यांतून आतली कीड कळली. गाणे कळले नव्हते, हे मी त्या दिवशी कबूल केले.

फेंडरसाहेबांची वखार

मग मनात आले की, मोठमोठ्या कारखानदारांनी आपापली लाकडे निवडली ती कशाच्या आधारे? हा इतिहास मौजेचा आहे. 1951 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्यापूर्वी 1930 नंतरच्या दशकात सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी असे वाद्य करून पाहिले होते, पण ते फारसे पसरले नाही. तोपर्यंत खर्जासाठी माणसापेक्षा उंच डबल बेस उभा करावा लागे आणि गावोगाव न्यावा लागे. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! त्यांनी धड केले अ‍ॅशचे आणि मान मेपलची. अ‍ॅशच्या रेषा फिकट पारदर्शक रंगाखाली छान उठतात. 1956 च्या सुमारास कारखान्याने बहुतेक वाद्यांसाठी आल्डर घेतले, कारण ते स्वस्त, मुबलक आणि रंगायला सोपे. वखारीत सुतार ज्या हिशेबाने लाकूड निवडतो, अगदी त्याच हिशेबाने! त्या वाद्यांवर पुढे अमर संगीत वाजले आणि मग लोक त्या लाकडालाच संगीत चिकटवू लागले.

दुसऱ्यांनी दुसरी लाकडे घेतली. गिब्सनने 1953 साली आपला पहिला विजेचा बेस महोगनीचा केला. रिकनबॅकरने मेपल पसंत केले. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 साली हँबर्गमध्ये घेतलेला जर्मन ‘होफनर’ तर व्हायोलिनच्या आकाराचा, पोकळ आणि अगदी हलका होता. 1969 मध्ये डॅन आर्मस्ट्राँग यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचे धड करून दाखवले, आणि 1980 च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी कार्बनच्या धाग्यांचा बेस आणला, त्यात लाकूडच नव्हते. हे सगळे बेस उत्तम वाजले.

यातल्या अ‍ॅशची कथा मात्र कष्टी करणारी आहे. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात पाण्यात पाय बुडवून उभ्या राहणाऱ्या अ‍ॅशच्या बुंध्याचे लाकूड हलके निघते. त्याला ‘स्वॅम्प अ‍ॅश’ म्हणतात. पूर्व आशियातला पाचूसारखा हिरवा, जेमतेम अर्ध्या इंचाचा एक भुंगेरा 2002 साली डेट्रॉइटजवळ आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे करतात आणि झाडाचे अन्नपाणी तोडतात. त्या भुंगेऱ्याने आजवर अ‍ॅशची कोट्यवधी झाडे मारली. त्यातच नदीच्या लांबलेल्या पुरांनी तोड अशक्य केली. अखेर 2020 साली फेंडर कंपनीने आपल्या नेहमीच्या उत्पादनातून स्वॅम्प अ‍ॅश बंद करत असल्याचे जाहीर केले. सत्तर वर्षांची परंपरा एका किड्यापुढे आणि पुरापुढे थांबली. अमुकच लाकूड हवे असा हट्ट धरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

लाकडाचे काम कोणते?

तात्पर्य, गाणारे लाकूड शोधणे आम्ही सोडून दिले आणि प्रश्न नव्याने मांडला : या धडाने करायचे काय? कारागिराने चार बोटांवर उत्तर दिले. एक, खांद्याला जड होऊ नये. दोन, मुंबईच्या पावसाळ्यात फुगू नये आणि उन्हाळ्यात तडकू नये. म्हणजे लाकूड पुरते सुकलेले आणि सरळ रेषांचे हवे. तीन, घोडीचे आणि मानेचे स्क्रू घट्ट धरून ठेवावेत, कारण तारांची ओढ अहोरात्र चालू असते. चार, तोल राखावा.

हा चौथा मुद्दा मला नवीन होता. मी म्हणत होतो की, हलकेच हवे तर अगदी सावरीसारखे घ्या. पण धड फार हलके झाले तर खुंट्यांच्या वजनाने मान जमिनीकडे झुकते, आणि वाजवणाऱ्याला डावा हात तिला उचलून धरण्यातच खर्चावा लागतो. म्हणजे खांदा वाचला तरी मनगट गेले. म्हणून खुंट्या हलक्या घ्यायच्या आणि पट्टा जेथे अडकतो ते धडाचे वरचे शिंग मानेच्या बाराव्या पडद्यापर्यंत पुढे आणायचे. मग धड हलके असूनही वाद्य आडवे, स्थिर राहते.

या चारही कसोट्यांना उतरले ते तून. आपल्या सह्याद्रीत वाढणारे, महोगनीच्याच कुळातले, लालसर, सुताराच्या हाताला गरीब. मिरजेत तंबोऱ्याची दांडी याच लाकडाची होते, हे ऐकून मला बरे वाटले. त्याच्या सहा फळ्या आम्ही काट्यावर ठेवल्या आणि सर्वांत हलकी नव्हे, तर सरळ रेषांची, बिनगाठीची आणि ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर सर्वांत कोरडी निघालेली निवडली. तिच्यात आतून दोन कप्पे कोरून आणखी पावशेर-अर्धा शेर वजन काढायचे ठरले.

पुतणी खूश होती. मी मात्र परतीच्या वाटेवर गप्प होतो. काखेत आईच्या पलंगाची फळी होती, ती पुन्हा माळ्यावर जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कारागिराचा फोन आला. “काका, ती फळी परत आणा,” तो म्हणाला. “धडाला नको, पण बोटांखालच्या पट्टीला शिसवीच लागते. ती काय मी बाजारातून आणू?”

आणि खरेच, हे मला सुचायला हवे होते. मानेच्या वरच्या अंगाला एक पातळ पट्टी चिकटवतात, तिच्यात पडदे बसवतात आणि वादकाची बोटे जन्मभर तिच्यावर तारा दाबतात. तेथे मऊ लाकूड घातले तर काही वर्षांत खाचा पडतात. तेथे कठीण, घट्ट, तेलकट अंगाचे लाकूड हवे. फेंडरने 1958 पासून मानेवर शिसवीची पट्टी लावायला घेतली. सुरुवातीची शिसवी ब्राझीलची होती, पुढे तिची जागा आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीने घेतली. पाव इंच जाडीच्या त्या पट्टीचे वजन ते किती? तेथे शिसवीचा जडपणा दोष नसून गुणच आहे.

पलंगाच्या लांब बाजूच्या फळीवरून आधी लोहचुंबक फिरवला, तेव्हा दोन जुने खिळे सापडले. नाही तर करवतीचे दात गेले असते. फळी उभी चिरल्यावर त्याने ती लगेच वापरली नाही. लाकूड कितीही जुने असले तरी चिरले की आतला ताण सुटतो आणि ते किंचित वळते. म्हणून तीन आठवडे ते तसेच पडू दिले आणि मग रंधले. शिसवीवर 2 जानेवारी 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. तयार वाद्यांना मात्र नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांतून सवलत मिळाली. आमचे लाकूड तर घरातलेच होते. पण नवीन शिसवी घेणाऱ्याने कागदपत्रे अवश्य पाहावीत.

वाद्य वैशाखात तयार झाले. काट्यावर भरले तीन किलो सहाशे ग्रॅम. जुन्यापेक्षा किलोभराहून अधिक कमी! पुतणीने ते गळ्यात अडकवले, हात सोडून दिले. मान जागची हलली नाही. दोन तास उभी राहून तिने वाजवले आणि दुसऱ्या दिवशी खांद्याला शेक घ्यावा लागला नाही. अजूनही लागत नाही.

मला त्या संगीतातले फार कळते असे नाही. परवा ती आली होती, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात बसून सराव करीत होती. तुनीचे लालसर धड मांडीवर, आणि डावा हात त्या काळसर पट्टीवर खालीवर फिरत होता. आई झोप येईना म्हणजे पलंगाच्या त्याच बाजूवर बोटांनी ताल धरीत असे. मी हे पुतणीला सांगितले नाही. म्हटले, वाजवू दे तिला.